शेतकरी सहकारी संस्था उभारणीचा ऑनलाइन कोर्स: कायदा शिकलो, पण व्यापाऱ्याचं काय?

सरकारी नियोजनातून बाजाराकडे वळलेल्या देशांत शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था कशा उभ्या करायच्या, असा कोर्स आहे. नाव घेत नाही कारण पुढे थोडं बोलणार आहे. पाचपैकी साडेतीन स्टार.

सगळ्यात भारी भाग सुरुवातीचा, म्हणजे लोक एकत्र यायला का बिचकतात तो. सोव्हिएत रशियात १९२९ पासून जबरदस्तीने कोलखोज, म्हणजे सामूहिक शेतं केली, जमीन, जनावरं, अवजारं सगळं त्यात ओढलं, आता त्याच घरातल्या नातवाला कोणी ‘चला संस्था काढू’ म्हटलं तर तो आधी दार लावून घेणारच ना! पोलंडमध्ये तर कम्युनिस्ट काळातही बहुतेक शेती खाजगीच होती, तरी सहकार म्हणजे वरून आलेलं सरकारी लचांड हा समज काही गेला नाही. हे मस्त समजावलंय.

मग येतो कायदा. चीनचा शेतकरी सहकारी संस्थांचा कायदा २००७ साली लागू झाला, किमान पाच सभासद हवेत, त्यातले ८० टक्के तरी शेतकरी, आणि वाटण्याजोग्या नफ्यातला किमान ६० टक्के भाग ज्याने संस्थेशी जेवढा व्यवहार केला त्या प्रमाणात परत द्यायचा. एक माणूस एक मत आहेच, पण जास्त भांडवल घालणाऱ्याला जादा मतं देता येतात, फक्त ती एकूण मूळ मतांच्या २० टक्क्यांवर जाऊ द्यायची नाहीत. मला ही तडजोड आवडली, कारण पैसेवाला बाहेर राहिला तर ट्रक कोण घेणार आणि पूर्ण आत घेतला तर तोच मालक होऊन बसतो. मात्र अनुदानासाठी नुसत्या कागदावर काढलेल्या संस्थाही तिथे भरपूर निघाल्या, त्यावर कोर्समध्ये दोनच स्लाइड, भराभर पुढे सरकवल्यात.

खरी नाराजी पुढे आहे. संस्था मोडते कशी? दुधाचंच घ्या, संस्था पंधरा दिवसांनी पैसे देणार, व्यापारी फाटकावर येऊन आजच रोख देतो, वर दोन पैसे जास्तच. सभासद चांगलं दूध त्याला घालतो आणि उरलेलं संस्थेला. दूध थंड ठेवायचा चिलिंग टँक अर्धा रिकामा, वीजबिल मात्र पूर्ण, मग दर कमी करावा लागतो, मग आणखी चार सभासद जातात. यावर कोर्सचं उत्तर काय, तर ‘सभासदांचं प्रबोधन करा’. अहो, ज्याच्या घरी उद्या फी भरायचीय त्याचं काय प्रबोधन करणार? माल दिल्याबरोबर अर्धी रक्कम उचल द्यायची, करारात ठरलेला हिस्सा घालायचा आणि नाही घातला तर दंड, आणि त्या उचलीसाठी खेळतं भांडवल कुठून आणायचं, हे शिकवायला हवं होतं. म्हाताऱ्या सभासदाला नफा आत्ताच हातात हवा असतो, तरुणाला नवीन टँक हवा असतो, हा वाद तर कुठेच नाही.

क्विझ पाठांतराचे आहेत. एक्सेल शीट मात्र उपयोगी, रोज किती लिटर आलं तर खर्च निघतो ते लगेच कळतं, आमच्यासारख्या हिशोबाला घाबरणाऱ्यांनाही. संस्थेची नोंदणी करायला निघालेल्यांनी घ्या. संस्था चालू आहे आणि सभासद गळतायत त्यांनी पहिला भाग आणि ती शीट घेऊन थांबा, बाकी वेळ जुन्या सचिवाशी बोलण्यात घालवा.