फुगवलेलं कोटेशन: पीएमईजीपीमधली महागात पडणारी फसवणूक

प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम (पीएमईजीपी) म्हणजे नवा उद्योग उभारायला बँकेचं कर्ज आणि सरकारी अनुदान देणारी योजना. तिच्यातली सगळ्यात महागात पडणारी फसवणूक खऱ्या योजनेत, खऱ्या बँकेत आणि अर्जदाराच्या स्वतःच्या सहीने होते. फसलेला माणूस बोलायलाही घाबरतो, त्यामुळे ती बाहेर येत नाही. म्हणून ती कशी घडते ते सविस्तर.

समजा, ग्रामीण भागात फॅब्रिकेशनची शेड टाकायची आहे आणि यंत्रं १५ लाखांची आहेत. एजंट म्हणतो, "प्रकल्प २० लाखांचा दाखवू. मशिनवाला आपलाच आहे, तो तेवढ्याचं कोटेशन देईल. तुमचे पैसे लागणार नाहीत, वर सबसिडी हातात."

आता कागदावर मांडा. खुल्या गटातल्या अर्जदाराला १० टक्के स्वतःचे भरावे लागतात, म्हणजे २ लाख. उरलेले १८ लाख बँकेचं कर्ज. ग्रामीण भागासाठी अनुदान २५ टक्के, म्हणजे ५ लाख. हे ५ लाख अर्जदाराच्या हातात कधीच पडत नाहीत. ते त्याच बँकेत ३ वर्षं ठेव म्हणून अडकतात. त्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही. प्रत्यक्ष पडताळणीत युनिट चालू आढळलं, तरच ती रक्कम कर्जात वळती होते. "सबसिडी आली की माझे टक्के द्या" म्हणणारा एजंट इथेच उघडा पडतो, कारण द्यायला रोकड येतच नाही.

यंत्राचे पैसे बँक थेट पुरवठादाराच्या खात्यात टाकते. तुमच्या वाट्याचे २ लाख या पुरवठादारानेच तात्पुरते भरलेले असतात. २० लाख खात्यात पडले की तो आधी ते काढून घेतो आणि वरचे ३ लाख "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणतो. शेडमध्ये येतं ते रंग मारलेलं जुनं यंत्र. नेमप्लेट घासलेली, नाहीतर तिच्यावरचा क्रमांक बिलाशी न जुळणारा. मग फोन बंद. पोलिसांत जावं, तर फुगवलेल्या कोटेशनवर सही आपलीच. एजंटचा सगळा भरवसा याच भीतीवर असतो. पडताळणीत घोळ निघाला की अनुदान सरकारकडे परत जातं आणि १८ लाखांचं कर्ज पूर्णच्या पूर्ण अर्जदाराच्या डोक्यावर राहतं.

हे टाळायचं तर पुरवठादार स्वतः शोधा. त्याचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नोंदणीची तारीख, पत्ता आणि विवरणपत्रं नियमित भरली आहेत का ते बघा. दोन-तीन महिन्यांपूर्वी नोंदणी झालेला माणूस लाखांची यंत्रं विकत असेल तर थांबा. तेच यंत्र वापरणाऱ्या दुसऱ्या कारखानदाराला भाव विचारा. यंत्र चालताना पाहा, नेमप्लेटचा फोटो घ्या आणि माल येईल तेव्हा तो क्रमांक बिल व डिलिव्हरी चलनाशी ताडून बघा. शेवटची रक्कम चाचणीनंतरच द्यावी, असं बँकेला आधीच लेखी सांगा. आणखी एक: ऑनलाइन अर्जात मोबाइल नंबर स्वतःचाच हवा. एजंटचा नंबर असला की सगळे संदेश आणि ओटीपी त्याच्याकडे जातात. सही केलेले कोरे चेक तर कुणालाच नकोत.

बाकीचे प्रकार लहान, पण रोजचे. १ जुलै २०२० पासून सुरू असलेली उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) पूर्ण मोफत आहे आणि तिला नूतनीकरण नाही; त्याची फी मागणारं संकेतस्थळ सरकारी नाही. व्हॉट्सॲपवर राजमुद्रा छापलेलं मंजुरी पत्र आणि सोबत 'प्रोसेसिंग फी'ची मागणी आली तर एक रुपयाही पाठवू नका. कर्जाची मंजुरी तुमचा अर्ज गेलेली बँकच देते, खात्री शाखेत जाऊन करा. सीजीटीएमएसई या ट्रस्टची, लहान उद्योगांच्या विनातारण कर्जाला मिळणारी हमीसुद्धा बँकच घेते, त्यासाठी कर्जदाराला कुणी मध्यस्थ लागत नाही.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, उशीर झाला की रक्कम गोठवणं अवघड होतं. यंत्रात फसवणूक झाली असेल तर त्याच दिवशी शाखेला लेखी पत्र द्या, उरलेलं वितरण थांबवायला सांगा, पोच घ्या आणि प्रत जिल्हा उद्योग केंद्राच्या महाव्यवस्थापकांना द्या. फुगवलेल्या कोटेशनवर सही झाली आहे पण पैसे अजून गेलेले नाहीत, असं असेल तर आजच शाखेत जा, ते कोटेशन मागे घेत असल्याचं लिहून द्या आणि खऱ्या किमतीचं नवीन कोटेशन जोडा.