पिवळ्याच्या भावात हिरवी जमीन

२०२३च्या दिवाळीत मी आणि माझ्या तीन साडूंनी मिळून मुळशी तालुक्यात २० गुंठे सामाईक घेतले. चौघांच्याही नावावर गावाकडे सातबारा आहे, त्यामुळे शेतजमीन घ्यायला अडचण नव्हती. भाव साडेतीन लाख रुपये गुंठा. एजंट म्हणाला, "काका, रस्त्याकडेचा तुकडा चार लाखांनी गेलाय, ही बघा सूची दोन." सूची दोन म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा. कागद खरा होता, भावही खरा होता. फक्त तो तुकडा आराखड्याच्या नकाशावरच्या पिवळ्या पट्ट्यातला, म्हणजे रहिवास विभागातला होता.

झोन दाखला, म्हणजे जमीन कुठल्या विभागात येते ते सांगणारा कागद, आम्ही मागितला होता, बरं का. त्याने झेरॉक्स दिली. गट नंबर आमचाच, पुढे 'रहिवास विभाग'. मूळ दाखला पुढे आम्ही स्वतः काढला, त्यात 'भागशः रहिवास विभाग' आणि खाली 'भागशः शेती विभाग'. पहिला 'भागशः' आणि खालची अख्खी ओळ झेरॉक्स काढताना झाकली होती. साडेअकरा एकरांचा गट. रस्त्याकडची पट्टी पिवळी, डोंगराकडचा उतार हिरवा. आमचे २० गुंठे डोंगराकडे. 'व्ह्यू' चांगला म्हणून आम्हीच हौसेने निवडलेले!

बिंग फुटलं ते धाकट्या साडूने कर्जाला तारण म्हणून हीच जमीन दाखवली तेव्हा. व्हॅल्युअरने मोजणी नकाशा पार्ट प्लॅनवर, म्हणजे आराखड्याच्या नकाशातल्या आमच्या गटापुरत्या भागावर, ठेवला आणि गुंठ्याला ६५ हजार लावले. शेजारचा भाव सांगितला, तर म्हणाला, "तिथे घर होतं, इथे ज्वारी." फार्महाऊसचं विचारलं, तर त्याला किमान एक एकर हवी. आमच्याकडे निम्मीच.

सातबारा आम्ही दहा वेळा पाहिला होता, पण झोन त्यावर नसतोच. दाखला स्वतः अर्ज करून काढा आणि 'भागशः' दिसलं की आपला तुकडा नकाशावर नेमका कुठे बसतो ते मोजणीवरून पाहा. भावाची तुलना करायची तर त्याच रंगातल्या खरेदीखताशी.

पोलिसांकडे गेलो, पण खरेदीखतात सगळीकडे 'शेतजमीन' लिहिलंय, 'रहिवास' कुठेच नाही, सह्या आमच्या.

गेल्या महिन्यात त्याच एजंटाचा फोन आला. "काका, काढायची असेल तर गिऱ्हाईक आहे. साठ हजारांनी." गिऱ्हाईक चौघांच्या सह्या मागतंय, आणि थोरले साडू अजून 'व्ह्यू' सोडायला तयार नाहीत.