ठरलेल्या पद्धतीचं काम आवडणाऱ्यांसाठी: ओ-नेट इंटरेस्ट प्रोफाइलर

कोणत्या प्रकारचं काम आवडतं हे सांगणारी अमेरिकी श्रम खात्याची ही ऑनलाइन चाचणी फुकट आहे. एकूण 60 प्रश्न, म्हणजे सहा आवड-गटांचे प्रत्येकी 10. प्रत्येक प्रश्नात एक काम दिलेलं असतं, ते किती आवडेल यावर 0 ते 4 गुण, म्हणून एका गटाला जास्तीत जास्त 40. या गटांची मूळ मांडणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची, 1959 ची.

नियम, नोंदी, ठरलेला क्रम आवडणाऱ्यांनी ‘कन्व्हेन्शनल’ (ठरलेल्या पद्धतीची कामं) या गटाचा आकडा पाहावा. त्याचे प्रश्न पगार काढणं, मालसाठ्याची नोंद ठेवणं, फॉर्म तपासणं असे अगदी नेमके आहेत. ‘कॅल्क्युलेटर चालवणं’ मात्र आता जुनाट वाटतं.

चूक बहुतेक उत्तरं देतानाच होते. ‘यात पैसा किती?’ किंवा ‘मला जमेल का?’ असा विचार करून लोक टिचकी मारतात. चाचणी विचारते फक्त आवड. सारखं मधलं, 2 गुणांचं ‘नक्की नाही’ निवडलं की सगळे गट 20 च्या आसपास अडकतात आणि निकालाला काही अर्थच उरत नाही.

खरी गंमत दुसऱ्या क्रमांकाच्या गटात आहे, आणि तोच बहुतेकजण बघत नाहीत. दुसरा ‘इन्व्हेस्टिगेटिव्ह’ (शोध-अभ्यासाची कामं) आला तर विमागणिती, म्हणजे विम्यातली जोखीम आकड्यांनी मोजणारा, ‘रिअलिस्टिक’ (हातानं करायची कामं) आला तर गोदाम किंवा औषधालयातलं सहायकाचं काम, ‘सोशल’ (लोकांना मदत करण्याची कामं) आला तर लोकांशी रोज संबंध येणारं कार्यालयीन काम. पुढे शिक्षण-अनुभवाच्या तयारीनुसार 1 ते 5 ‘जॉब झोन’, म्हणजे व्यवसायांच्या पातळ्या, निवडता येतात.

मोठी उणीव ही: हातात नेटकेपणा आहे की नाही, हे ही चाचणी मोजत नाही. व्यवसायांची यादीही अमेरिकी चौकटीतली आहे. पात्रतेचे नियम आपापल्या देशातले वेगळे तपासावे लागतात.