ट्विस्ट जॉयस्टिक सोडून रडर पेडल: वर्षभराच्या वापरानंतर

संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सेस्ना १७२ या छोट्या विमानाला धावपट्टीवर पूर्ण थ्रॉटल दिला की नाक डावीकडे ओढ घेतं. इंजिनाचा टॉर्क आणि शेपटीवर आदळणारा पंख्याचा पिळदार झोत ही त्याची मुख्य कारणं. म्हणून उजवं रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीवरचा उभा भाग) द्यावंच लागतं. ट्विस्ट जॉयस्टिकवर, म्हणजे दांडा पिळून रडर देता येतं अशा जॉयस्टिकवर, हे काम मनगटाकडे येतं आणि मनगट पिळताना स्टिक बाजूलाही कलते, म्हणजे नको असताना एलेरॉन (विमान बाजूला कलवणारे पंखांवरचे भाग) हलतात. माझ्या मते पेडल घ्यायला एवढं कारण पुरेसं आहे.

खरा फरक आडव्या वाऱ्यात कळतो. मी सिममध्ये आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाच्या २५ धावपट्टीवर (दिशा साधारण २५० अंश) ३४० अंशांवरून १२ नॉटचा वारा लावून सराव करतो. वारा थेट उजवीकडून येतो, त्यामुळे नाक उजवीकडे तिरपं ठेवून यायचं, टेकण्याआधी डावं रडर देऊन ते सरळ करायचं आणि त्याच वेळी उजवा पंख किंचित खाली धरायचा. हात एकीकडे, पाय दुसरीकडे. पायांना ही सवय लागली तेव्हा पहिल्यांदा विमान आपण उतरवतोय असं वाटलं. तो आनंद खरंच मोठा आहे!

निवडताना आधी सेन्सर बघा. माझी पेडलं पोटेन्शिओमीटरवाली आहेत. आत घासणारा संपर्क असतो, तो झिजतो, धूळ बसते. काही महिन्यांनी मध्यावर रडर थरथरायला लागलं. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि थोडा डेड झोन (मध्याजवळची बारीक हालचाल सिमने सोडून द्यायची सेटिंग) देऊन काम भागतंय, पण परत घेताना हॉल सेन्सरचीच घेईन, चुंबकावर चालतात, घासत काही नाही. टो ब्रेकही (पेडलाचा वरचा भाग बोटांनी दाबून लागणारे चाकांचे ब्रेक) तपासा. व्हीकेबी कंपनीच्या टी-रडर पेडलांना ते नाहीत. लढाऊ विमानं उडवणाऱ्याचं त्यावाचून अडत नाही, सेस्ना टॅक्सी करणाऱ्याला, म्हणजे जमिनीवर चालवणाऱ्याला, मात्र जाणवतं. पेडलांमधलं अंतरही बघाच, गुडघे जवळ घेऊन तासभर बसलं की मांड्या भरून येतात.

दुकानात कुणी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे फरशी. गुळगुळीत टाइल्सवर पेडल पुढे सरकतं आणि चाकाची खुर्ची मागे जाते. मी उद्यमनगरात एका फॅब्रिकेटरकडून एमएस अँगलची (लोखंडी) चौकट करून घेतली, खुर्चीचे पाय आणि पेडल एकाच चौकटीत बसवले. मोजमाप दिलं की तिथं असलं काम लगेच होतं. त्यानंतर पेडल जागचं हललेलं नाही. महागडा संचसुद्धा सरकत असेल तर पायाला बारीक हालचाल जमणारच नाही.

सेटिंगमध्ये ऑटो-रडर बंद करा, नाहीतर तुमच्या पायांचं काम संगणकच करत राहतो. थ्रॉटल देऊनही विमान जागचं हलत नसेल तर ब्रेकचा अक्ष उलटा करून बघा.

फक्त एअरबस ऑटोपायलटवर नेणाऱ्यांना ट्विस्ट पुरतं, त्यांनी पैसे थ्रॉटलवर घालावेत. हेलिकॉप्टर शिकायचं असेल तर मात्र पेडल आधी घ्या, कारण होव्हरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी थांबताना, पाय क्षणभरही स्थिर राहत नाहीत.