ओबीडी स्कॅनर, पावसाळा ते उन्हाळा: जुन्या ऑटोमॅटिकचा अधूनमधून येणारा बिघाड पकडताना

आधी निकाल सांगतो. फक्त एरर कोड वाचायचे म्हणून ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र) घेणार असाल तर फार उपयोग नाही, ते काम कुठलंही बरं गॅरेज करून देतं. पण बिघाड येतो-जातो आणि गॅरेजमध्ये गेलं की गायब होतो, अशी गाडी असेल तर हे यंत्र घ्याच. त्याचा खरा उपयोग गाडी चालू असताना आकडे रेकॉर्ड करण्यात आहे.

माझी गाडी २०१२ ची. पेट्रोल, चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे जाते. सकाळी थंड असताना काहीही तक्रार नाही. तास-दीड तास चालून गरम झाली आणि त्यात चढ लागला, की एकदम जोराचा झटका बसायचा, डॅशबोर्डवरचा ओव्हरड्राइव्हचा (चौथ्या गिअरचा) दिवा लुकलुकायला लागायचा आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकायची. थांबल्यावर निघताना जीव नाही, हायवेवर इंजिन ओरडतंय. बाजूला घेऊन बंद करायची, पाच-दहा मिनिटांनी सुरू केली की पुन्हा सगळं सुरळीत.

याला लिंप मोड म्हणतात. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला आपल्याला मिळणाऱ्या माहितीवर भरवसा राहिला नाही की तो सोलेनॉइडचा, म्हणजे गिअर बदलणारे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या विजेच्या कॉइलांचा, करंट बंद करतो. करंट गेला की आतले व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोरावर ज्या जागी जातात, तिथे चार गिअरच्या बऱ्याच गिअरबॉक्सांत तिसरा गिअर लागतो. म्हणजे गिअर अडकणं हा बहुतेक वेळा संरक्षणाचा उपाय असतो, गिअरबॉक्स तुटल्याची खूण नसते. ही गोष्ट मालकाला कुणी समजावून सांगत नाही याचा मला मनापासून राग आहे, कारण त्या भीतीपोटीच माणूस हजारोंच्या कामाला मान डोलावतो.

दोन गॅरेज झाली. एकीकडे ऐकायला मिळालं, "साहेब, आमच्याकडं आली की कशी शहाण्यासारखी चालते बघा." दुसरीकडे थेट गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल, म्हणजे सगळा खोलून दुरुस्ती. सांगितलेला आकडा गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय दोन्हीकडे पहिलं काम केलं ते बॅटरीची वायर काढून ठेवण्याचं. बऱ्याच जुन्या गाड्यांत तेवढ्यानं साठलेले कोड पुसले जातात, म्हणजे पुरावाच गेला. तुमची गाडी कुठेही देताना हे आधी बजावून सांगा: कोड लिहून घेतल्याशिवाय बॅटरी काढायची नाही.

आता यंत्राबद्दल. स्टीअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात हे बसतं आणि ब्लूटूथनं मोबाइलशी जोडलं जातं. आतली चिप ईएलएम ३२७ म्हणून ओळखली जाते. मूळ चिप कॅनडातल्या एका कंपनीची, बाजारात मात्र नकलांचा सुळसुळाट आहे. काहीशे रुपयांच्या नकलेत अनेक आज्ञा गाळलेल्या असतात, इंजिनचे साधे आकडे दिसतात आणि गिअरबॉक्सच्या कंट्रोलरशी बोलायची वेळ आली की ती गप्प बसते. मी दीड हजाराच्या आसपासचं घेतलं आणि तेवढे पैसे घालावेत असंच सांगेन. घेतल्याबरोबर परताव्याची मुदत असतानाच आपल्या गाडीवर लावून बघा. आपल्याकडे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा नियम) एप्रिल २०१० ला आलं, ओबीडी-२ (याच सॉकेटमधून माहिती देण्याची ठरलेली पद्धत) ची सक्ती एप्रिल २०१३ पासूनची. त्यामुळे मधल्या काळातल्या गाड्यांत सॉकेट असलं तरी सगळी माहिती मिळेलच असं नाही.

कोडांचं सांगतो. सुरुवातीला ॲपवर फक्त पी०७०० दिसायचा. त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे काहीतरी नोंद आहे, त्याला विचारा. ॲपमध्ये गाडीचं नेमकं प्रोफाइल निवडल्यावर तो कंट्रोलर बोलायला लागला आणि पी०७१५ मिळाला: इनपुट, म्हणजे टर्बाइन स्पीड सेन्सरचं सर्किट. टर्बाइन म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्सला जोडलेला, फिरणारा भाग. इथे 'सर्किट' म्हणजे सेन्सर, त्याच्या दोन वायरी, दोन्ही टोकांचे कपलर (वायरी जोडणारे प्लग) आणि कंट्रोलर, सगळंच आलं. कोड पाहून लगेच सेन्सर बदलणारे पुष्कळ आहेत, आणि महिन्याभरात तीच तक्रार घेऊन परत येणारेही पुष्कळ.

खरी मजल मारली ती रेकॉर्डिंगनं. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ लागला (येताना बोगदा होता, त्यामुळे परीक्षा जाताना). ऑक्टोबरची दुपार, एसी चालू, पुढे उसाचा ट्रक रांगत चाललेला. मोबाइल बायकोच्या हातात, कारण चालवणाऱ्यानं स्क्रीनकडे बघायचं नाही हा आमचा पक्का नियम. झटका बसला तसं तिनं घड्याळातली वेळ लिहून ठेवली. घरी येऊन ती नोंद उघडली. झटक्याच्या आधीच्या ओळीत इंजिन २६००, टर्बाइन २२०० (मिनिटाला फेरे), वेग ताशी ३८ किलोमीटर. पुढच्या ओळीत इंजिन २६००, टर्बाइन शून्य, वेग ३८. त्यापुढे परत २२००. मग पुन्हा शून्य, आणि तिथून गाडी तिसऱ्यात.

या चार ओळींनी ओव्हरहॉलचा विषय माझ्यापुरता संपला. दुसऱ्या गिअरमध्ये ३८ च्या वेगानं गाडी पळत असताना टर्बाइन थांबूच शकत नाही, ती गिअरांमार्फत चाकांना जोडलेली असते. आतले क्लच घसरत असते तर टर्बाइनचे फेरे वाढून इंजिनच्या जवळ गेले असते, शून्यावर आले नसते. म्हणजे फिरणारी वस्तू व्यवस्थित फिरत होती, बातमी पोचत नव्हती.

मग आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियन काकांकडे गेलो. त्यांनी सेन्सर काढला नाही. कंट्रोलरकडचा कपलर सोडून त्या दोन वायरींवर मल्टिमीटर लावला, म्हणजे सेन्सरसकट अख्खी वायर मोजली जाते. पाचशे ओहमच्या आसपास, स्थिर. "आता बघ," म्हणाले आणि हार्नेस (वायरींचा बांधलेला जुडगा) वीत-वीत हलवत पुढे सरकले. बॅटरीच्या ट्रेखाली हात गेला आणि मीटरवर सर्किट तुटल्याची खूण आली. हात काढला, परत पाचशे. टेप सोडली तेव्हा ट्रेच्या पट्टीवर घासून एका वायरीचं इन्सुलेशन गेलेलं, आत तांबं हिरवं पडलेलं, आणि दोन-तीन बारीक तारांवर सगळा कारभार चाललेला.

चढावरच का व्हायचं, तेही तिथेच कळलं. भार आला की इंजिन त्याला धरणाऱ्या माउंटिंगवर किंचित कलतं आणि हार्नेस ओढला जातो, आमचं एक माउंटिंग तर बसलेलंच होतं. गॅरेजच्या सपाट जमिनीवर, न्यूट्रलमध्ये, हे कधीच दिसलं नसतं. खराब तुकडा कापून त्याच जाडीची नवी वायर, सोल्डर, वर स्लीव्ह, आणि हार्नेस पट्टीपासून दूर बांधून टाकला. दोन्ही वायरींचा पीळ काकांनी मुद्दाम तसाच ठेवला, तो सुटला तर या प्रकारच्या सेन्सरच्या बारीक सिग्नलमध्ये बाहेरचा गोंगाट शिरतो. माउंटिंग बदललं. मजुरी आणि वस्तू मिळून खर्च ओव्हरहॉलच्या पासंगालाही पुरणारा नव्हता.

यंत्राच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. जुन्या गाड्यांत माहिती वाहणारी के-लाइन नावाची तार सेकंदाला जेमतेम १०.४ किलोबिट वाहते, नव्या गाड्यांतल्या कॅन या पद्धतीत ५०० सर्रास. त्यामुळे ॲपवर पंधरा आकडे निवडलेत तर प्रत्येक आकडा काही सेकंदांनी एकदा येतो आणि अर्ध्या सेकंदाचा झोल मधल्यामध्ये निसटतो. इंजिनचे फेरे, टर्बाइनचे फेरे, वेग, बॅटरीचा व्होल्टेज, बस. व्होल्टेज घ्याच, कारण बॅटरी किंवा अर्थिंग ढिलं असलं तरी गिअरबॉक्स असंच वेड्यासारखं वागतं. गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवा.

टर्बाइनचा आकडा तुमच्या गाडीत मिळालाच नाही, तर इंजिनचे फेरे भागिले वेग हा हिशेब करा. माझ्या गाडीत चौथ्यात लॉक-अप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) लागल्यावर ८० ला २२०० फेरे, म्हणजे साडेसत्तावीस. तिसऱ्यात तोच आकडा ३९ च्या पुढे. सपाट रस्त्यावर एकदा आपल्या गाडीचे हे आकडे लिहून ठेवले की नंतर कुठला गिअर लागला, लॉक-अप सुटतंय का, हे नोंदीतून स्पष्ट दिसतं.

आणखी एक: सॉकेटमध्ये करंट कायम चालू असतो. स्कॅनर तसाच ठेवून गाडी पंधरवडाभर उभी राहिली तर बॅटरी बसू शकते. काम झालं की काढून ठेवायचा.

पाऊस, थंडी आणि आता मे महिना. खंबाटकी, कात्रज, वरंधा, सगळीकडे नोंदी घेतल्या. टर्बाइनची रेघ एकदाही तुटलेली नाही, तिसऱ्यात अडकणं बंद. एक बारीक तक्रार मात्र नोंदीतूनच हाती लागली: साठच्या आसपास लॉक-अप लागताना फेरे पन्नास-साठनं खालीवर होतात, आणि कान देऊन बसलं तर पायाखाली हलकी थरथर जाणवते. ऑइल तपासलं, पातळी बरोबर, पण रंग लालऐवजी तपकिरीकडे झुकलेला. जळका वास नाही. मॅन्युअलमध्ये दिलेल्या नेमक्या ग्रेडचं ऑइल मागवलंय. खालचा बोल्ट उघडून एका वेळी सगळं निघत नाही, बरंच टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं, म्हणून मध्ये थोडं चालवून पुन्हा बदलायचं ठरवलंय. मशीन लावून दाबानं फ्लश करण्याचा सल्ला मिळाला होता, इतक्या जुन्या गिअरबॉक्सवर मी तसं करणार नाही. ऑइल बदलल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला पुन्हा नोंद घेणार आहे. थरथर तरीही राहिली, तर पुढचा संशय लॉक-अपच्या सोलेनॉइडवर आणि त्यानंतर कन्व्हर्टरवर.