चार कोरच्या नादात

फोंड्यात माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. चवथीला सावंतवाडीहून भाचा येतो आणि बॅग ठेवायच्या आधी पीएस२ (सोनीचं प्लेस्टेशन २, टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन) कुठे आहे ते विचारतो. खरा पीएस२ गेल्या पावसाळ्यात गेला. आमच्या दमट हवेत त्याची लेन्स डिस्क वाचेनाशी झाली. डिस्क जपून ठेवल्यात आणि त्या मशीनची बायोसही (ते सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) आधीच काढून घेतलेली, म्हणून इम्युलेटरपुरता (पीसीवर त्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) जुना पीसी घ्यायला म्हापशाला गेलो.

विकणाऱ्याने कोअर २ क्वाड क्यू६६०० प्रोसेसरचा पीसी पुढे सरकवला. कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एकेक भाग. "चार कोर आहेत, दोनवाल्याच्या दुप्पट पळणार." ३,८०० रुपये मोजले. घरी येऊन विंडोज १० आणि माझ्याकडचं जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड घातलं. पीसीएसएक्स२ या पीएस२ इम्युलेटरची नवी आवृत्ती उघडली तर प्रोसेसरला एसएसई४.१ (जादा सूचनांचा एक संच) नाही म्हणत ती बंद. क्यू६६०० आला २००७ साली. या सूचना इंटेलने त्याच्या पुढच्या, ४५ नॅनोमीटरच्या पिढीत दिल्या.

दुकानाच्या माळ्यावर एक बंद पीसी होता, त्यात कोअर २ ड्युओ ई८४००. २००८चा, कोर दोनच, पण ३ गीगाहर्ट्झ आणि एसएसई४.१ असलेला. सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) तेच, ७७५. मग काय, अदलाबदल! या सॉकेटच्या इंटेल पंख्याला प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात. प्रत्येक दाबून 'टक्' ऐकू आलं पाहिजे, आणि दाबताना बोर्ड असा वाकतो की पोटात गोळा येतो. प्रोसेसर आणि पंख्यामधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. स्पिरिटने पुसली, नवी लावली. तरी एका खुंटीचा ओठ तुटलाच.

पीसीएसएक्स२ निमूट उघडलं. टूडी मारामारीचा गेम सेकंदाला ६० फ्रेमवर पक्का. गाड्यांच्या शर्यतीत मोकळ्या रस्त्यावर ६०, पण चार गाड्या आदळून धूर झाला की ३८-४०, आणि गाणं पाण्यात बुडवून वाजवल्यासारखं. पीएस२चा मुख्य प्रोसेसर जेमतेम २९५ मेगाहर्ट्झचा असला तरी त्याच्या जोडीला दोन व्हेक्टर युनिट (एकदम अनेक आकड्यांचं गणित करणारे भाग) आणि चित्र काढणारी वेगळी चिप असते. इम्युलेटरला या सगळ्यांचा ताल जुळवत प्रत्येक सूचना आपल्या भाषेत फिरवावी लागते. यातलं बरंचसं ओझं एकाच कोरवर पडतं. एक व्हेक्टर युनिट वेगळ्या कोरवर टाकायची सोय आहे, पण त्यासाठी तिसरा कोर हवा.

हट्टाने क्यू६६०० परत बसवून २०२०ची १.६ आवृत्ती टाकली. तिला एसएसई२ पुरतं. तिसरा कोरही कामाला लावला. तीच शर्यत, तोच धूर, फ्रेम ३२. शेवटी २.४ गीगाहर्ट्झच तो. वर मे महिन्यात पंख्याचा आवाज असा, की बायको म्हणाली, "मिक्सर चालू राहिलाय का?"

माळ्यावर एक पेंटियम ४ पण आहे, प्रेस्कॉट पिढीचा, त्यावरही ३ गीगाहर्ट्झच लिहिलंय. आकडा तोच, म्हणून ई८४००च्या बरोबरीचा समजू नका. त्याची पाइपलाइन, म्हणजे प्रत्येक सूचना ज्यातून जाते ती रांग, ३१ टप्प्यांची. पुढे काय येणार हा अंदाज चुकला की अर्धवट झालेलं काम टाकून पुन्हा सुरुवात, आणि इम्युलेटरमध्ये 'असं असेल तर तसं' पावलोपावली. त्यावर पीएस१चे (पहिल्या प्लेस्टेशनचे) गेम ईपीएसएक्सई या इम्युलेटरवर नीट चालतात. सुपर निन्टेंडो या त्याहून जुन्या मशीनसाठी झेडस्नेस लावलं तर लोण्यासारखं, आणि अचूकपणाचा ध्यास घेतलेलं बीस्नेस लावलं तर गोगलगाय.

पीएस२साठी हे सगळे प्रोसेसर मागे टाकले ते दुकानातल्या टायपिंगच्या पीसीने. कोअर आय५-२४००, २०११चा, चार कोर आणि एकेक कोर ई८४००पेक्षा चपळ. धुरातही ५८-६०. माझं मत विचाराल तर पीएस१ आणि त्याआधीच्यांसाठी ई८४०० खुशाल घ्या, पीएस२ हवा असेल तर आय५-२४००च्या खाली उतरू नका. क्यू६६०० फुकट दिला तरच.

म्हापसेवाला तो परत घ्यायला तयार नाही. चवथीचे पाच दिवस दुकान बंद असतं, तेवढ्यापुरता टायपिंगचा पीसी घरी येतो. सहाव्या दिवशी भाच्याने सेव्ह केलेली शर्यत तशीच ठेवून त्याच्यावर लोकांचे अर्ज टाइप होतात.