खोळंब्याची वही : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी एक छोटी वही पर्समध्ये टाकली. नियम एकच : जिथे खोळंबा होईल, चिडचिड होईल, तिथेच तारीख घालून दोन ओळी लिहायच्या आणि पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, जो प्रसंग आठवेल तो शेजारी नोंदवायचा. आधी हेच मोबाईलवर करून पाहिलं होतं. आठवड्यात सुटलं, कारण नोंदीसाठी फोन उघडला की बोट आधी मेसेजवर जायचं.

पहिले दोन महिने मी वही चुकीची वापरली. प्रत्येक उशिरामागे देवाचं काहीतरी कारण असणार आणि ते मला आत्ताच सापडलं पाहिजे, असा हट्ट होता. बस चुकली, म्हणजे प्रभूने कशातून तरी वाचवलं. नेट गेलं, म्हणजे तो विश्रांती देतोय. ती पानं आज ओढूनताणून लिहिलेली वाटतात. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, राजाला प्याला देणारा प्यालेबरदार सुटल्यावर तुरुंगातल्या योसेफाला विसरला, म्हणून योसेफ आणखी दोन वर्षं तिथेच राहिला. त्या दोन वर्षांत त्याला कारण कळलं, असं उत्पत्तीत कुठेही लिहिलेलं नाही.

वही खरी कामाला आली तिसऱ्या महिन्यात. दवाखान्यात माझा नंबर 41 आणि आत चालू होता 23. मी मार्कने लिहिलेल्या येशूच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय लिहायला घेतला. याईर नावाच्या माणसाची मुलगी मरणाच्या दारात आहे, येशू त्याच्याबरोबर निघालाय, आणि वाटेत 12 वर्षं रक्तस्रावाने गांजलेली एक बाई मागून त्याच्या वस्त्राला शिवते, तिच्यासाठी थांबतो. मला कोण शिवलं, असं विचारत गर्दीत उभा राहतो. मी सगळं याईराच्या बाजूने लिहीत होते. त्याचा जीव कसा टांगणीला लागला असेल ते.

तेवढ्यात शेजारच्या आजींनी आपली फाईल माझ्यापुढे धरली. "बाळा, उद्या उपाशीपोटी यायचंय का, एवढं बघतेस? दोघा-तिघांना विचारलं, सगळे घाईत." चिठ्ठीच्या कडा हाताळून हाताळून मऊ पडल्या होत्या. अक्षर मलाही दोनदा वाचावं लागलं. हो, उपाशीपोटीच, असं सांगितलं, तरी त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही.

घरी येऊन तीच नोंद पुन्हा वाचली आणि थांबले. याईर जिथे खोळंबला, तिथेच त्या बाईला येशूने 'मुली' म्हणून हाक मारली. आणि याईराची मुलगीही 12 वर्षांचीच. तोवर मी दर वेळी 'प्रभू, मला का थांबवलंस?' एवढंच विचारत होते. आता आधी विचारते, 'इथे माझ्याबरोबर कोण थांबलंय?' माझ्यासाठी या वहीची सगळी कमाई या एका प्रश्नात आहे.

मोठ्या दुःखात मात्र ही सवय जपून वापरावी. पाचव्या महिन्यात बाबांचं ऑपरेशन तीनदा पुढे ढकललं गेलं. उपासनेनंतर भेटणारे प्रेमानेच म्हणायचे, 'देवाची वेळ अचूक असते.' मला ते सोसायचं नाही. त्या दिवसांत धडा शोधायचा मी सोडून दिला आणि बायबलमधल्या तेराव्या स्तोत्रापाशी बसले. पहिल्या दोनच वचनांत चार वेळा 'कोठवर' असा टाहो आहे. काही पानांवर मी तेवढा एकच शब्द लिहिलाय. मार्थेचाही फार आधार वाटला. येशू पोहोचला तेव्हा तिच्या भावाला, लाजराला, कबरेत ठेवून चार दिवस झालेले, आणि ती येशूला तोंडावर सांगते की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तो तिला रागे भरत नाही. तिथेच पुढे तो स्वतः रडला.

रोजच्या बारीकसारीक गोष्टींत फरक पडला, पण चिडणं गेलेलं नाही. ऐन निघायच्या वेळी मुलगा मोजा शोधत बसला की आवाज अजूनही चढतो. फक्त हल्ली चढण्याआधी क्षणभर कळतं, आणि पाचातल्या दोन वेळा तरी मी खाली बसून त्याच्याबरोबर पलंगाखाली बघते.

वही भरत आली आहे. नव्या वहीत डावं पान माणसांसाठी ठेवणार आहे : रांगेत, जिन्यात, बंद खिडकीसमोर जे भेटले त्यांच्यासाठी, नाव माहीत असेल तर नाव घेऊन प्रार्थना करायला. आजींचं नाव विचारायचं राहून गेलं. त्यांच्यासाठी मी त्या तारखेवर बोट ठेवून प्रार्थना करते.